आय सेवन आहे ना? मग बास की!

बारावीचा निकाल लागला, ॲडमिशन झाली की आमच्या नात्यातल्या निम्म्या लोकांना माझी आठवण येते, कारण पोराला लॅपटॉप घ्यायचाय. परवा आत्याच्या मुलाने दुकानातूनच फोन केला, म्हणे आय सेवन (इंटेल कंपनीचा प्रोसेसर, म्हणजे लॅपटॉपचा मेंदू) आहे, पातळ आहे, दिसायला पण भारी आहे, घेऊ ना? मी म्हटलं थांब, आय सेवनच्या पुढचा नंबर वाच आणि शेवटी कुठलं अक्षर आहे ते सांग. यू होतं.

हे शेवटचं अक्षर कोणी बघतच नाही आणि खरी मेख तिथेच आहे. इंटेलचीच एकाच पिढीतली दोन उदाहरणं घ्या. आय सेवन १३५५ यू मध्ये १० कोअर (प्रोसेसरच्या आतले काम करणारे भाग) असतात, त्यातले दांडगे फक्त २, बाकीचे ८ वीज वाचवणारे, आणि हा बेतलेला असतो १५ वॅटसाठी. आय फाइव्ह १३५०० एच मध्ये दांडगे ४ आणि छोटे ८ असे १२ कोअर आणि वीज ४५ वॅट. म्हणजे व्हिडिओ रेंडर करणं किंवा थ्रीडी डिझाइन असं बराच वेळ चालणारं काम दिलं तर 'फाइव्ह' वाला 'सेव्हन' वाल्याला आरामात मागे टाकतो.

आता हे वॅट म्हणजे काय, तर प्रोसेसर जेवढी वीज खातो ती जवळजवळ सगळी शेवटी उष्णताच होते, दुसरीकडे जाणार कुठे! ती बाहेर काढायला तांब्याची नळी, जाळी आणि पंखा लागतो आणि या सगळ्याला जागा लागते. पातळ लॅपटॉपमध्ये तीच नसते, मग पहिली काही सेकंद किंवा एखाद-दोन मिनिटं तो सुसाट पळतो आणि तापला की स्वतःचा वेग स्वतःच कमी करतो, नाहीतर चिप खराब होईल ना. याला थ्रॉटलिंग म्हणतात. दुकानात आपण लॅपटॉप पाचच मिनिटं बघतो आणि तेव्हा तो गार असतो, त्यामुळे तिथे सगळेच फास्ट वाटतात (मी स्वतः एकदा असा फसलोय, पंख्याचा आवाज असा की आईने विचारलं मिक्सर कोणी लावलाय).

पण म्हणून सगळ्यांनी एच अक्षरवालाच घ्यावा असं अजिबात नाही. बॅटरीवर वॅट-अवर लिहिलेलं असतं, समजा ५० आहे. वर्ड, ब्राउझर, ऑनलाइन लेक्चर अशा कामाला स्क्रीनसकट साधारण १० वॅट लागले तर ५ तास चालेल, पण तोच लॅपटॉप ५० वॅट ओढायला लागला तर तासाभरात चार्जर शोधा. कॉमर्सच्या पोरीला, बँकेतल्या माणसाला यू वालाच बरा, हलका पण असतो.

मला विचाराल तर नवीन घ्यायच्या आधी जुना नेमका कुठे अडतोय ते बघा. विंडोज असेल तर कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकदम दाबा, टास्क मॅनेजर उघडेल, मग रोजचं काम चालू ठेवून प्रोसेसर, मेमरी आणि डिस्क यांच्या टक्क्यांकडे लक्ष ठेवा. मेमरी कायम ९० च्या वर असेल तर रॅम (चालू कामाचं सामान ठेवायची तात्पुरती जागा) कमी पडतेय, रॅम भरली की विंडोज त्यातलं सामान डिस्कवर टाकतं आणि लागेल तेव्हा परत आणतं, या हेलपाट्यातच वेळ जातो. आणि डिस्क सारखी १०० वर, प्रोसेसर मात्र १५-२० वर निवांत, असं दिसलं तर आत बहुतेक जुनी फिरणारी हार्डडिस्क आहे. ती मिनिटाला ५४०० वेळा फिरते, म्हणजे सेकंदाला ९० फेऱ्या, हवी ती जागा सुईखाली यायला सरासरी अर्धी फेरी धरली तरी साडेपाच मिलिसेकंद गेले, वर सुई सरकायचा वेळ वेगळा. त्यामुळे इकडे तिकडे विखुरलेल्या बारक्या फाइली ती सेकंदाला शंभर पण वाचू शकत नाही आणि विंडोज सुरू होताना तर अशा हजारो लागतात. एसएसडीत (चिपवर माहिती साठवणारी डिस्क) फिरणारं काहीच नसतं, तिथे हेच काम मिलिसेकंदाच्या दहाव्या भागात उरकतं. आमच्या एका काकांचा सात वर्षांचा लॅपटॉप नुसती एसएसडी टाकून असा पळायला लागला की नव्याचे पैसे वाचले, काकू खूश!

नवीनच घ्यायचा ठरला तर आज १६ जीबी रॅम धरा, ८ मध्ये चालतं पण ओढाताण होते, आणि रॅम नंतर वाढवता येते का हे दुकानदाराला आधी विचारा कारण बऱ्याच पातळ मॉडेलांत ती बोर्डवरच सोल्डर केलेली असते, मग जी घेतली तीच जन्मभर. स्क्रीनचा ब्राइटनेस निट्समध्ये देतात, २५० असेल तर खिडकीपाशी बसून स्वतःचाच चेहरा दिसेल, ३०० च्या पुढचा बघा.

आणि हो, ५१२ जीबीचा घेऊन घरी आल्यावर विंडोजने ४७६ दाखवले तर दुकानदाराशी भांडायला जाऊ नका, कंपनी १००० च्या पटीत मोजते आणि विंडोज १०२४ च्या, म्हणून आकडा कमी दिसतो, जागा कोणी चोरलेली नसते. एवढं सांगूनही आत्याच्या मुलाने त्यासाठी फोन केलाच.