बोकडाची पारख वीर्यातून

मराठवाड्यात आणि लगतच्या सोलापूर-नगरच्या कोरडवाहू पट्ट्यात उस्मानाबादी शेळी म्हणजे गरिबाची गाय. जुळी करडं देणारी, काटक जात. शेळी घेताना माणूस कास बघतो, दात बघतो, आधीची वेतं विचारतो. पैदाशीचा बोकड मात्र अंगानं भरलेला दिसला की पसंत होतो. खरं तर २५-३० शेळ्यांमागे एकच बोकड असतो. त्याचं वीर्य कमजोर निघालं तर कळपातल्या शेळ्या दर २१ दिवसांनी उलटत राहतात, म्हणजे गाभण न राहता पुन्हा माजावर येतात, आणि दोष बिचाऱ्या शेळ्यांवर जातो.

वीर्य तपासणी फार अवघड नाही. माजावरच्या शेळीवर बोकड चढला की कोमट पाण्याची पिशवी असलेल्या कृत्रिम योनीत वीर्य गोळा करतात. ते भरतं साधारण अर्धा ते दीड मिली, पण तेवढ्याशा थेंबांत दर मिलीमागे २०० ते ४०० कोटी शुक्राणू असतात. रंग दुधाळ किंवा सायीसारखा हवा; लालसर झाक दिसली तर कुठे जखम आहे का ते बघायचं.

मग सूक्ष्मदर्शक. ३७ अंशांना तापवलेल्या काचपट्टीवर थेंब ठेवला की चांगल्या वीर्यात काळसर लाटा भोवरे घेत फिरताना दिसतात. या सामूहिक हालचालीला शून्य ते पाच गुण देतात. काचपट्टी गार असेल तर उत्तम बोकडही नापास होतो, म्हणून इथे घाई करणाऱ्याच्या अहवालावर माझा विश्वास नाही. पुढे वीर्य पातळ करून सरळ पुढे पोहणारे शुक्राणू किती ते मोजतात. ७० टक्क्यांच्या वर असले तर समाधान. इओसिन-निग्रोसिन रंगात मेलेले शुक्राणू गुलाबी होतात, जिवंत पांढरे राहतात. वाकड्या शेपटीचे, बिनडोक्याचे किती तेही त्याच काचेवर कळतं.

कृत्रिम रेतनासाठी वीर्य गोठवून कांड्या (बारीक नळ्या) भरायच्या तर शेळीवर्गाची एक खास अडचण आहे. वळूच्या वीर्याला गोठवताना अंड्याचा पिवळा बलक सांभाळून घेतो. बोकडाच्या वीर्यद्रवात, म्हणजे शुक्राणू ज्यात पोहतात त्या पातळ भागात, मात्र असं विकर (एन्झाइम) असतं, की ते बलकातल्या लेसिथिन या स्निग्ध पदार्थाचं विघटन करतं आणि त्यातून तयार होणारी द्रव्यं शुक्राणूंनाच मारतात. म्हणून काही ठिकाणी वीर्य यंत्रात गरगर फिरवून वीर्यद्रव वेगळा काढतात, काही ठिकाणी बलक कमी घालतात किंवा सोयाबीनचं लेसिथिन वापरतात. गायीची पद्धत जशीच्या तशी उचलली तर कांड्या वाया जातात.

एक नमुना खराब आला म्हणून बोकड लगेच विकू नये. शुक्राणू तयार व्हायला सुमारे ४८ दिवस लागतात, पक्व व्हायला आणखी काही. आज दिसणारी खराबी दोन महिन्यांपूर्वीच्या तापाची किंवा कडक उन्हाची असू शकते. तेवढा काळ सावली, पाणी, चांगला चारा देऊन पुन्हा तपासावं. ब्रुसेलोसिसची (गर्भपात घडवणाऱ्या संसर्गजन्य रोगाची) चाचणी मात्र वेगळी करावीच लागते, वीर्य कितीही चांगलं दिसलं तरी.

घरच्या घरी निदान दोन्ही वृषण सारखे, टणक आहेत का हे हातानं चाचपता येतं, टेपनं घेर मोजता येतो. आणि हे ईदच्या बाजाराआधी करायला हवं. झपाट्यानं वाढलेला बोकड सगळ्यात आधी विकला जातो आणि मागे उरलेला पैदाशीला लागतो; जात खालावते ती अशी. गावातले दोन-तीन होतकरू बोकड आधी तपासून घेतले, तर कुठला ठेवायचा हे बाजारभाव ठरवणार नाही.