मार्गिटची काठी आणि खासबागेतला घिस्सा

दिवाळीच्या सुट्टीत भाचा आमच्याकडे कोल्हापूरला मंगळवार पेठेत राहायला आला. इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला आहे. फराळाच्या ताटाशेजारी लॅपटॉप, हातात कंट्रोलर आणि पडद्यावर एक राखाडी म्हातारा: डोक्यावर शिंगं, मागं शेपटी, अंगावर फाटकं घोंगडं, हातात लांब काठी. भाच्याचा गडी धुक्याच्या पिवळ्या दारातून आत जायचा, दोन-चार वार करायचा आणि मरायचा. लाल अक्षरं झळकायची. मग परत तेच दार, तोच म्हातारा. चकली खात खात मी सतरा मरणं मोजली आणि शेवटी राहवलं नाही.

"अरे, ह्यात मजा काय आहे?"

"मामा, बघा की! ह्या टायमाला अर्धं लाईफ काढलं त्याचं!"

मला अर्धं-बिर्धं काही दिसलं नव्हतं. मला एकच गोष्ट सतरा वेळा घडलेली दिसली होती.

गेमचं नाव ‘एल्डन रिंग’, म्हाताऱ्याचं नाव मार्गिट. फ्रॉमसॉफ्टवेअर ह्या जपानी कंपनीनं २०२२ च्या फेब्रुवारीत हा गेम आणला. जगभर त्याच्या कोट्यवधी प्रती खपल्या, त्या वर्षीचा सर्वोत्तम गेम म्हणून गौरवही झाला. सोपं, मध्यम, अवघड असं निवडायची सोय त्यात मुद्दामच ठेवलेली नाही. आणि विकत घेऊन, चार तास खेळून, ‘लोकांना ह्यात काय मिळतं देव जाणे’ म्हणत तो बंद करणारेही भरपूर आहेत. म्हणजे मी एकटा नव्हे.

दुसऱ्या दिवशी मी सूड म्हणून त्याला खासबागेत कुस्त्या बघायला नेलं. शाहू महाराजांनी १९१२ साली उभारलेलं मैदान, बशीसारखं खोलगट, कुठंही बसा, मधला आखाडा दिसतोच. हलगी कडाडत होती. मोठी जोड लागली, खडाखडी सुरू झाली. सहा-सात मिनिटं दोघं मानेवर हात टाकून एकमेकांना रेटत होते, पट काढायला, म्हणजे पाय धरून ओढायला, खाली झुकत होते आणि परत मागं सरत होते. माझ्या तळहाताला घाम. भाचा मोबाईल बघत होता. "मामा, हे नुसते उभेच का आहेत?" म्हणाला. नुसते उभे! एकानं डाव्या हातानं पट काढायचा आव आणून उजव्या हातानं ढाक ह्या डावासाठी समोरच्याचा हात बांधायचा दोनदा प्रयत्न केला होता आणि दुसऱ्यानं तो दोन्ही वेळा ओळखला होता. एवढं सगळं झालं आणि ह्याला ते दोघं नुसते उभे दिसले.

तिथं डोक्यात उजेड पडला. मी मार्गिटकडे बघत होतो तसाच तो लाल मातीकडे बघत होता.

आता विज्ञानाकडे. गेमच्या ओढीचा विषय निघाला की कुणीतरी लगेच ‘डोपामाइन’ ह्या मेंदूतल्या रसायनाचं नाव घेतं. व्हॉट्सअॅपवर तर डोपामाइन म्हणजे मेंदूतला गूळच झालाय: गेम खेळला की पाझरतो, पोरं चटावतात, आणि उपाय म्हणून चोवीस तासांचं ‘डोपामाइन डिटॉक्स’ करायचं. शरीरातलं डोपामाइन उपासानं धुऊन निघत नाही, आणि निघालं तर फार वाईट होईल. डोपामाइन बनवणाऱ्या पेशी मरायला लागल्या की पार्किन्सन्स होतो, माणसाला साधं पाऊल उचलणं अवघड जातं. गेम आणि डोपामाइनचं नातं सांगताना लोक ज्या प्रयोगाचा दाखला देतात, तो १९९८ साली ‘नेचर’ ह्या विज्ञानपत्रिकेत आला. लंडनच्या हॅमरस्मिथ हॉस्पिटलमध्ये काही पुरुषांना रणगाड्याचा गेम खेळायला देऊन मेंदूचं पेट स्कॅन केलं, आणि डोपामाइन वाढलेलं दिसलं. खरं आहे. पण त्या मंडळींना प्रत्येक टप्पा पार केला की रोख पैसे मिळत होते, हे फॉरवर्डमध्ये कुणी लिहीत नाही.

मग डोपामाइन करतं तरी काय? माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला मेंदूविषयीचा सगळ्यात देखणा शोध हाच आहे. त्यामुळं इथं जरा जास्त रेंगाळतो.

वोल्फ्राम शुल्ट्झ हे शास्त्रज्ञ स्वित्झर्लंडमध्ये माकडांच्या मेंदूतल्या एकेका डोपामाइन-पेशीचा आवाज ऐकत होते. पेशीशेजारी केसाहून बारीक तार ठेवली की पेशी चेतल्यावर यंत्रातून ‘टक’ असा आवाज येतो. स्वस्थ बसलेल्या माकडाच्या तोंडात अचानक फळाच्या रसाचा थेंब पडला की पेशी टकटकटक वाजायची. इथवर ‘गूळ’वाली समजूत ठीक चालते. मग त्यांनी रसाआधी दर वेळी एक खूण द्यायला सुरुवात केली. खूण झाली की ठरलेल्या वेळानं रस. माकडाला हे अंगवळणी पडल्यावर पेशी खुणेला वाजायला लागली. रस मिळाला तेव्हा मात्र गप्प! रस तोच, गोडी तीच, माकड चाटतंय तसंच. आणि तिसरी गोष्ट: एकदा खूण दिली, पण रस दिलाच नाही. तर रस यायला हवा होता नेमक्या त्या क्षणी पेशी तिच्या नेहमीच्या संथ ठोक्यापेक्षाही खाली गेली. काहीच घडलं नव्हतं, तरी त्या ‘काहीच न घडण्या’ची वेळ पेशीनं अचूक टिपली.

म्हणजे पेशी रस मोजत नव्हती. मिळालं किती उणे वाटलं होतं किती, ही वजाबाकी ती सांगत होती. ह्या वजाबाकीला आपण ‘अंदाजाची चूक’ म्हणू. शुल्ट्झ, पीटर डायन आणि रीड मॉन्टेग्यू ह्यांनी १९९७ साली ‘सायन्स’मध्ये दाखवलं की पेशींचं हे वागणं यंत्रांना शिकवायच्या एका गणिताशी तंतोतंत जुळतं.

गणित घाबरण्यासारखं नाही, बेरीज-वजाबाकीचंच आहे. नवा अंदाज म्हणजे जुना अंदाज अधिक चुकीचा थोडा हिस्सा. हिस्सा एक पंचमांश धरा आणि रसाचं मोल १०० धरा. पहिल्यांदा अंदाज ०, रस मिळाला १००, चूक १००. तिचा पाचवा भाग मिळवला, अंदाज झाला २०. पुढच्या वेळी चूक ८०, अंदाज ३६. मग चूक ६४, अंदाज ४८.८. दर वेळी चूक आधीच्या चार पंचमांशावर येते, आणि वीस वेळा हे झालं की उरते जेमतेम १. रस शंभराचाच आहे, पण बातमी एकाचीच उरली. नव्या ठिकाणची मिसळ पहिल्यांदा खाल्ली की आपण चार जणांना सांगत सुटतो. विसाव्या खेपेला ती तेवढीच झणझणीत असते, पण फोन करावासा वाटत नाही.

आता ह्यापुढची पायरी थोडी चढाची आहे. खुणेला पेशी का वाजते? कारण गणितात अंदाज फक्त रसाचा नसतो, प्रत्येक क्षणाचा असतो: ‘इथून पुढं एकूण किती मिळेल?’ एका क्षणाकडून पुढच्या क्षणाकडे जाताना हा आकडा बदलला की तो बदल हीसुद्धा चूकच. खूण कधी येणार हे माकडाला ठाऊक नसतं. ती दिसते तेव्हा ‘पुढं काही नाही’वरून अंदाज एकदम ‘रस येणार’वर उडी घेतो, आणि ती उडी म्हणजेच टकटकटक. खुणेच्याही आधी दुसरी खूण पक्की लावली तर उडी तिच्यावर सरकते. अशी ती क्षणाक्षणानं मागं मागं येत जाते. मिरजकर तिकटीला पोचल्यावर हलगी कानावर पडली की माझं पाऊल झपझप पडायला लागतं, ते ह्याच नियमानं. आखाडा अजून दिसलेला नसतो, कुस्ती लागलेली नसते. भाच्याच्या पिवळ्या धुक्याच्या दाराचंही तेच. मला ते धुकं होतं, त्याला ती हलगी होती.

कुणी ह्या परिच्छेदात वाट चुकलं असेल तर हरकत नाही, एवढंच बरोबर घेऊन पुढं चला: मेंदूला बातमी मिळते ती अंदाज आणि घटना ह्यांतल्या फरकातून. ज्याला अंदाजच नाही त्याला फरक कुठून दिसणार?

आता त्या म्हाताऱ्याकडे परत येऊ. भाच्याशेजारी बसून मी त्याची काठी नीट बघितली, तेव्हा कळलं की गेम रचणाऱ्यांनी शुल्ट्झच्या माकडाचा प्रयोगच उलटा करून ठेवलाय. मार्गिट काठी उचलतो. बहुतेक गेममध्ये हत्यार वर गेलं की लगेच खाली येतं, ही खेळाडूची वर्षानुवर्षांची सवय. खूण, मग ठरलेल्या वेळानं वार. मार्गिट काठी वर नेतो आणि तशीच धरून ठेवतो. खेळाडू सवयीनं लोळण घेऊन बाजूला होतो, उठतो, आणि उठता उठता काठी टाळक्यात बसते. वस्ताद पोरांना शिकवतात ती हुलकावणी हीच: पटाला हात गेला असं दाखवायचं, समोरच्याचं वजन पुढं आलं की डाव दुसराच मारायचा. फसवणूक हाताची नाही, समोरच्याच्या अंदाजाची असते.

म्हणून मरण फुकट जात नाही. प्रत्येक मरणात एक वजाबाकी होते आणि अंदाज थोडा सरकतो. पहिल्या मरणाला भाचा वीस सेकंद टिकला असेल, सतराव्याला दोन मिनिटं. मी मरणं मोजत होतो आणि तो सेकंद. त्याच्या मेंदूत दर खेपेला ‘वाटलं होतं त्यापेक्षा बरं’ अशी टकटक होत होती, आणि माझ्या पडद्यावर सतरा वेळा तीच लाल अक्षरं.

ही चूक फार मोठी किंवा फार लहान असून चालत नाही, हेही दिसून आलंय. २०१२ साली सात-आठ महिन्यांच्या बाळांवर झालेल्या प्रयोगात बाळं अगदी सरळसोट दृश्यावरूनही नजर काढत आणि अगदी गोंधळाच्या दृश्यावरूनही. मधल्यावर मात्र टिकून राहत. एल्डन रिंग पहिल्या चार तासांत सोडणाऱ्यांना ती गोंधळाच्या टोकाला भेटते. कँडी क्रशला नाकं मुरडणाऱ्यांना ती सरळसोट टोकाला भेटते. आमच्या सौभाग्यवतींना मात्र त्या रंगीत गोळ्यांत काहीतरी दिसतं, आणि ‘मार्गिट’ हा शब्द घरात काढायला बंदी आहे. माइनक्राफ्टची गंमत वेगळीच. २०११ पासून तीस कोटींवर प्रती खपलेल्या ह्या गेममध्ये ठरलेलं ध्येयच नाही, चौकोनी ठोकळे खणा आणि रचा. ज्याला कुणीतरी बक्षीस लावल्याशिवाय अंदाज बांधता येत नाही, तो तिथं अर्ध्या तासात कंटाळतो.

एक कबुली द्यायला हवी. अंदाज शिकला की गोडी लागतेच, असं नाही. काही माणसांना सुरेल-बेसूर नीट कळतं, पैसे जिंकले तर आनंदही होतो, पण गाण्यानं काहीच होत नाही. २०१४ साली अशा लोकांवरचं संशोधन प्रसिद्ध झालं. आणि ओढ म्हणजेच आवड असंही नाही. मिशिगनच्या केंट बेरिज ह्यांनी जवळजवळ सगळं डोपामाइन गेलेले उंदीर पाहिले. ते अन्नाकडे जायचे नाहीत, पण जिभेवर साखरपाणी ठेवलं की इतर उंदरांसारखेच ओठ चाटायचे. ओढ गेली होती, गोडी शाबूत होती. ह्याची उलटी बाजू पैशांच्या गेममध्ये दिसते: गोडी केव्हाच संपलेली, ओढ तेवढी उरलेली. बक्षीस कधी येईल ह्याचा नेम नसला की चूक शून्यावर येतच नाही, वीस वेळा काय नि वीस हजार वेळा काय. तिथं शिकण्यासारखं काही नसतं, मार्गिटच्या काठीत असतं. २०२५ च्या ऑगस्टमध्ये पैशांच्या ऑनलाइन गेमवर बंदी घालणारा कायदा मंजूर झाला तेव्हा सगळ्याच गेमना एका दावणीला बांधून बोलणारे फार भेटले, त्यांच्यासाठी एवढं लिहिलं.

मेंदूला योगायोगातही खूण सापडते, हा ह्याच यंत्राचा दुसरा दोष. मानसशास्त्रज्ञ स्किनर ह्यांनी १९४८ साली कबुतरांनी काही केलं-न केलं तरी त्यांना ठरावीक वेळानं दाणे दिले, तर काही कबुतरं दाणा पडायच्या आधी जे करत होती तेच परत परत करायला लागली. एक गोल गोल फिरायला लागलं. हसू नका. नव्वदच्या दशकात टीव्ही गेमची कॅसेट चालली नाही की काढून तिच्यात फुंकर मारणारे आम्हीच. गेम चालू व्हायचा तो कॅसेट काढून परत नीट बसवल्यामुळं. फुंकरीनं फक्त थुंकीची वाफ आत जायची. आणि भाचा मार्गिटशी लढायच्या आधी टोपी उलटी घालतो, तेव्हा मी गप्प बसतो, कारण कुस्तीच्या दिवशी मीही खासबागेत त्याच दगडावर बसायला धडपडतो.

सुट्टी संपायच्या आदल्या रात्री त्यानं कंट्रोलर माझ्या हातात दिला. मी अकरा वेळा मेलो, त्यातला एकदा तर स्वतःच्या पायानं पुलावरून खाली पडून. बाराव्याला त्यानं परत घेतला. म्हाताऱ्याचं लाईफ पाव उरलं असेल. काठी वर गेली. भाच्याचा अंगठा बटणावर.

"थांब, अजून नाही!" मी ओरडलो. आतून सौभाग्यवतींनी विचारलं, काय झालं.

काठी अजून वरच होती.