सार्वकालिक जीवनदृष्टी (ख्रिस्ती धर्म)

मृत्यूपलीकडच्या जीवनावरील विश्वास समोर ठेवून रोजचे काम, पैसा, नाती आणि दुःख यांचे मोल ठरवण्याची ख्रिस्ती रीत. ‘सार्वकालिक जीवन’ हे शब्द मराठी बायबलमुळे रुळले. सोप्या भाषेतील आवृत्तीत ‘अनंतकाळचे जीवन’ असेही भेटते. मूळ ग्रीक विशेषण ‘आयोनियोस’ हे ‘आयोन’, म्हणजे युग, या शब्दावरून आले आहे. त्यामुळे ‘न संपणारे आयुष्य’ एवढ्यावर अर्थ भागत नाही. येणाऱ्या युगाचे, वेगळ्या प्रतीचे जीवन असा त्याचा रोख आहे.

बायबलमधील योहानाच्या शुभवर्तमानात, म्हणजे येशूचे जीवन सांगणाऱ्या पुस्तकात, हे जीवन मेल्यावर ‘मिळेल’ असे नसून विश्वास ठेवणाऱ्याला ते ‘आहे’, असा वर्तमानकाळ येतो (3:36, 5:24). देवाला आणि त्याने पाठवलेल्या ख्रिस्ताला ओळखणे, अशी त्याची व्याख्याही तेथेच दिली आहे (17:3). मराठी वाचकाला येथे मोक्ष आठवणे साहजिक आहे, पण दोन्हींची जात निराळी. ख्रिस्ती विचारात पुनर्जन्म नाही, माणसाला मरण एकदाच (इब्री 9:27). शिवाय आशा आहे ती शरीरातून सुटण्याची नव्हे, तर शरीराच्या पुनरुत्थानाची. म्हणून देह आणि त्याची कामे टाकाऊ ठरत नाहीत, आणि वाया गेलेला दिवस पुढच्या जन्मी भरूनही काढता येत नाही.

कसर (कपडे खाणारी कीड) आणि जंग लागणारी संपत्ती पृथ्वीवर साठवू नका, हे येशूचे वचन (मत्तय 6:19-21) या दृष्टीचा पाया मानले जाते. प्रेषित पौलही कलस्सै येथील मंडळीला लिहिलेल्या पत्रात वरील, म्हणजे स्वर्गीय, गोष्टींकडे मन लावायला सांगतो; मात्र त्याच अध्यायात तो नवरा-बायको, मुले आणि दास यांच्या रोजच्या वागण्यावर उतरतो. थेस्सलनीका शहरातील ख्रिस्ती मंडळीत काहींनी काम सोडून दिले होते. प्रभू लवकरच येणार या अपेक्षेशी अनेक अभ्यासक त्याचा संबंध जोडतात. पौलाचे उत्तर रोखठोक आहे: ज्याला काम करायचे नाही त्याने खाऊही नये (2 थेस्सल. 3:10).

सहाव्या शतकात इटलीत संत बेनेडिक्ट यांनी मठवासीयांसाठी लिहिलेल्या नियमावलीत या दृष्टीचे रोजच्या दिनक्रमात रूपांतर झालेले दिसते. मृत्यू रोज डोळ्यांपुढे ठेवावा, असे तिचे चौथे प्रकरण सांगते. एकतिसावे प्रकरण कोठाराच्या कारभाऱ्यासाठी आहे. मठातली सगळी भांडी आणि सामान त्याने वेदीवरच्या पवित्र पात्रांसारखे जपावे, अशी त्यात आज्ञा आहे. ही दोन प्रकरणे शेजारी ठेवून वाचावीत. मरणाची आठवण येथे माणसाला उदास करत नाही, हातातली कुदळ नीट ठेवायला लावते. पुढे सोळाव्या शतकात जेझुइट संघाचे संस्थापक इग्नेशियस लोयोला यांनी मोठा निर्णय घेताना स्वतःला मृत्युशय्येवर कल्पून पाहण्याची साधना सांगितली. प्रोटेस्टंट धर्मसुधारक मार्टिन लूथर यांनी तर साध्या धंद्यालाही देवाचे पाचारण मानले.

या दृष्टीचा गैरवापरही झाला. अमेरिकेतील गुलामांना स्वर्गाचे आश्वासन देत मुकाट राबण्याचा उपदेश केला जाई. मालकालाही स्वर्गात धनी आहे, हे दासांना केलेल्या उपदेशानंतरचे पौलाचे पुढचेच वाक्य (कलस्सै 4:1) मात्र सोयीने मागे पडे. धर्म ही लोकांची अफू आहे, हे मार्क्सचे 1844 मधील विधान अशा उपदेशाला नेमके लागू पडते. नव्या पृथ्वीच्या अपेक्षेने या पृथ्वीची काळजी मंदावू नये, असे कॅथलिक चर्चच्या दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 1965 मध्ये स्पष्ट केले.

परलोकाची आशा आणि इथले काम यांची सांगड घालण्याचे महाराष्ट्रातील ठळक उदाहरण म्हणजे पुणे जिल्ह्यातील केडगावचे मुक्ती मिशन. पंडिता रमाबाईंनी तेथे दुष्काळात सापडलेल्या शेकडो मुली-बायकांना आणले. ‘मुक्ती’ हा परलोकाकडे बोट दाखवणारा शब्द नावात असला, तरी तेथे शेती, विणकाम आणि छपाई शिकवली जाई. 1921 मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी रमाबाईंनी हिब्रू व ग्रीकवरून बायबल सोप्या मराठीत आणण्याचे काम सोडले नाही. 5 एप्रिल 1922 रोजी त्या वारल्या, तेव्हा भाषांतर पूर्ण झालेले होते. ते मिशनच्याच छापखान्यात छापले गेले.