कॅथलिक स्काउट गट (इटली)

इटलीत धर्मग्रामाच्या, म्हणजे पॅरिशच्या, आधाराने चालणाऱ्या मुलामुलींच्या व तरुणांच्या स्थानिक स्काउट संस्थेस कॅथलिक स्काउट गट म्हणतात. असे बहुतेक गट ‘अजेशी’ या संघटनेत मोडतात. मुलांची 1916 मधील आणि मुलींची 1943 मधील अशा दोन कॅथलिक संघटना एकत्र येऊन 1974 मध्ये ती स्थापन झाली. महाराष्ट्रात स्काउट पथक बहुधा शाळेचे असते. इटलीत मात्र गटाची खोली बहुधा चर्चच्या आवारात असते आणि पथकाच्या कार्यक्रमांत चर्चच्या सणवारांनाही स्थान असते.

फॅसिस्ट राजवटीने 1928 मध्ये स्काउट चळवळीवर बंदी घातली. तरीही मिलान व मोन्झा येथील ‘भटके गरुड’ या स्काउटांनी वाल कोदेरा या दुर्गम खोऱ्यात आपली शिबिरे गुप्तपणे चालू ठेवली आणि 1943 नंतर ज्यू व राजकीय विरोधकांना स्वित्झर्लंडच्या हद्दीत पोहोचवण्याच्या कामातही भाग घेतला. आजचे गट हा वारसा अभिमानाने सांगतात, आणि तो अभिमान सार्थ आहे.

सुमारे आठ वर्षांची मुले प्रथम ‘कळपा’त येतात. तेथील खेळ किपलिंगच्या मोगलीकथांवर बेतलेले असून प्रमुख प्रौढाला सगळे ‘अकेला’, म्हणजे त्या कथांतील लांडग्यांच्या नायकाचे नाव घेऊन, हाक मारतात. बारा ते सोळा वर्षांच्या मुलामुलींचे पथक असते. सहा-आठ जणांचा एक संघ, प्राण्याचे नाव आणि त्यांच्यातलाच थोडा मोठा संघनायक, ही त्याची रचना. गटाचा प्राण या संघातच आहे, असे म्हणता येईल. उन्हाळी शिबिरात प्रत्येक संघ लाकडी वासे दोरीने आवळून जेवणाचे टेबल, उंचावरची चूल आणि कित्येकदा जमिनीपासून वर उचललेल्या मचाणावर तंबू उभारतो. बांधणी सैल राहिली तर टेबल डगमगते आणि ती पुन्हा मुलांनाच घालावी लागते. प्रौढ शक्यतो हात लावत नाहीत. स्वयंपाक संघच करतो, रात्री शेकोटी होते आणि धर्मगुरू शिबिरस्थळीच मिस्सा, म्हणजे कॅथलिकांचा मुख्य उपासनाविधी, अर्पण करतात.

सोळा ते एकवीस वयाचे तरुण पाठीवर सामान घेऊन पदयात्रा करतात आणि वर्षभर धाकट्या मुलांत, वृद्धांत किंवा निर्वासितांत सेवा करतात. या टप्प्याचा शेवट ‘प्रस्थान’ या विधीने होतो. त्यात तरुण पुढे कसे जगणार याची निवड सर्वांसमोर जाहीर करतो.

गटाची धुरा प्रौढ नेत्यांच्या मंडळाकडे असते. हे सर्व विनावेतन स्वयंसेवक असून जबाबदारी एक पुरुष व एक स्त्री अशी जोडीने सांभाळतात, तर धर्मगुरू आध्यात्मिक मार्गदर्शक असतात. शिबिराच्या खर्चासाठी मुले रविवारी चर्चबाहेर घरी केलेले केक विकतात. नाताळपूर्वी बेथलेहेमहून ऑस्ट्रियामार्गे आलेली ‘शांतीची ज्योत’ स्काउट त्रिएस्तेहून रेल्वेने देशभर नेतात आणि स्थानिक गट ती स्टेशनावर कंदिलात उतरवून घेऊन चर्च, घरे, रुग्णालये व तुरुंगांत पोहोचवतात.