फायर ब्लाइट: हडसनकाठच्या बागांपासून आजवर

नाशपाती-सफरचंदाचा कोवळा शेंडा छत्रीच्या मुठीसारखा वाकतो, काळा पडतो, आणि करपलेली पानं न गळता तशीच लटकून राहतात. फायर ब्लाइट नावाच्या या रोगाची पहिली नोंद विल्यम डेनिंग यांची, १७८० च्या सुमारास न्यूयॉर्कच्या हडसन नदीकाठी. रोग मूळचा उत्तर अमेरिकेतला. युरोपातून आणलेली नाशपाती त्यापुढे टिकली नाही, म्हणून तिची मोठी लागवड पुढे पश्चिमेच्या कोरड्या हवेत सरकली.

कारण म्हणून शंभर वर्षं ऊन, गोठलेला रस, किडे यांवर ठपका ठेवला गेला. १८८० च्या आसपास इलिनॉयचे वनस्पतिशास्त्रज्ञ टॉमस बरिल यांनी यामागे जिवाणू असल्याचं दाखवलं. वनस्पतीच्या रोगाबाबत हे पहिल्यांदाच घडत होतं. आज त्याला अर्विनिया अमायलोव्होरा म्हणतात. डाळिंबावरचा तेल्याही जिवाणूचाच, पण तो जिवाणू वेगळा.

बागायतदाराच्या खऱ्या उपयोगाचा शोध अमेरिकी वनस्पतिरोगतज्ज्ञ मर्टन वेट यांचा: मधमाश्या आणि इतर कीटक हा जिवाणू फुलाफुलांत नेतात. जुन्या खोडावरच्या चट्ट्यांतून वसंतात पिवळसर चिकट थेंब पाझरतात, तिथून तो फुलावर येतो. उबदार हवेत, साधारण १८ अंश सेल्सिअसच्या वर, तो स्त्रीकेसराच्या टोकावर झपाट्याने वाढतो. पण आत शिरायला पाणी लागतं. पाऊस किंवा जड दव त्याला फुलाच्या तळाशी, मधाच्या ग्रंथींपर्यंत ओघळवतं. म्हणून बहरातला उबदार पाऊस सर्वांत घातक.

१९५० च्या दशकात स्ट्रेप्टोमायसिन हे जिवाणूनाशक औषध फवारणीसाठी आलं. ते फुलावर, पावसाच्या आदल्या किंवा दुसऱ्या दिवशी पडलं तरच उपयोगी. फांदीत घुसलेला रोग त्याने बरा होत नाही. सततच्या वापराने १९७१ मध्ये कॅलिफोर्नियात त्याला न जुमानणारे जिवाणू सापडले. मग छाटणीचं महत्त्व पुन्हा पटलं: दिसणाऱ्या करप्याच्या २० ते ३० सेंटीमीटर खाली काप, कारण जिवाणू डागाच्या पुढे गेलेला असतो. कोरड्या दिवशीच कापावं. नत्राचा जादा डोस टाळावा, लुसलुशीत फूट आधी बळी पडते.

दाट लागवडीसाठी लोकप्रिय झालेले एम ९ आणि एम २६ हे खुंट, म्हणजे ज्यावर सफरचंदाचं कलम बांधतात ती मुळासकटची खोडं, या रोगाला फार नाजूक. वरची जात तग धरते, पण जिवाणू खोडातून खाली उतरतो, खुंटावर चट्टा पडतो आणि अख्खं झाड जातं. म्हणून न्यूयॉर्क राज्यातल्या जिनिव्हा इथल्या कृषी संशोधन केंद्राने जी ११, जी ४१ सारखे सहनशील खुंट तयार केले.