प्लँक्स्टीची काळी तबकडी: एका जोडामागचा इतिहास

आयरिश लोकसंगीत वाजवणाऱ्या 'प्लँक्स्टी' या चमूच्या, १९७३ साली पॉलिडॉर कंपनीने बाजारात आणलेल्या त्याच नावाच्या तबकडीचं वेष्टन काळंकुट्ट होतं, म्हणून आयर्लंडमध्ये जुने रसिक तिला आजही 'काळा अल्बम' म्हणतात. तिच्यात बारा गाणी-धुना आहेत. पण तिचं मर्म पहिल्याच गाण्याच्या शेवटाला आहे. चमूचा गायक क्रिस्टी मूर भटक्या जिप्सींमागे घरदार सोडून गेलेल्या बाईचं गाणं संपवतो आणि थांबायच्या आत, श्वास न सोडता, लिअम ओ'फ्लिनच्या पाइप्सवर (पिशवीतल्या हवेवर वाजणारं आयरिश वाद्य) एक संथ, खानदानी धून सुरू होते. हे दोन तुकडे मुळात एकमेकांचे कुणीच नव्हेत. एक आला रस्त्यावरून, दुसरा सरदारांच्या दिवाणखान्यातून.

आधी रस्त्यावरचा. 'रॅगल टॅगल जिप्सी' हे गाणं इंग्लंड-स्कॉटलंडातही शेकडो वर्षं गायलं जातंय. मूरला मिळालेला पाठ मात्र जॉन रायली या गायकाचा. रायली आयरिश भटक्या समाजातला. (हा समाज म्हणजे गाण्यातले जिप्सी नव्हेत. हे भटके मुळचे आयरिशच, पिढ्यान्‌पिढ्या पत्र्याची भांडी घडवत, सांधत गावोगाव फिरणारे.) रॉसकॉमन परगण्यातल्या बॉइल गावात तो अत्यंत हलाखीत राहत होता. टॉम मनेली या संग्राहकाने त्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला, तेव्हा कळलं की इतरत्र लोप पावलेली कथागीतं या माणसाच्या कंठात शाबूत आहेत. १९६९ मध्ये, चाळिशीतच, तो गेला. तबकडी त्याने ऐकलीच नाही.

दुसरा तुकडा 'तुझा हात माझ्या हाती दे' अशा अर्थाच्या आयरिश नावाची धून. ती रुअरी डाल ओ काहान या अंध हार्पवादकाची (हार्प म्हणजे उभ्या चौकटीतलं तंतुवाद्य). काळ साधारण १६०३. आख्यायिका अशी, की स्कॉटलंडात एका उमराव स्त्रीने त्याला ऐटीत फर्मावलं, वाजव. तो स्वतः मोठ्या कुळातला. तडक उठून गेला. त्याचं कूळ कळल्यावर बाईने माफी मागितली, आणि दिलजमाईखातर त्याने ही धून बांधली. म्हणजे गाण्यात एक उमराव स्त्री भटक्यांसाठी वाडा सोडते आणि धुनेत दुसरी एक भटक्या कलावंतापुढे नमतं घेते. हा मेळ जाणूनबुजून साधला की सूर जुळले म्हणून आपोआप बसला, यावर वाद घालता येईल. मला विचाराल तर कान आधी, अर्थ मागाहून.

हार्पवादकांची ही दुनिया मात्र तेव्हाच खचू लागली होती. १६०१ मध्ये किन्सेलच्या लढाईत गेलिक, म्हणजे मूळ आयरिश, सरदार इंग्रजांकडून हरले, १६०७ मध्ये त्यांचे म्होरके देश सोडून गेले आणि वादकांचे आश्रयदाते सरले. उरले ते जमीनदारांच्या घरोघरी मुक्काम करत हिंडणारे. टर्लो ओ'कॅरोलन (१६७०–१७३८) त्यांतला सर्वांत नावाजलेला. अठराव्या वर्षी देवीच्या साथीत त्याची दृष्टी गेली. यजमानाच्या सन्मानार्थ तो जी धून बांधून द्यायचा, तिला 'प्लँक्स्टी' म्हणत. पुढे याच शब्दावरून चमूचं बारसं झालं. १७९२ मध्ये बेलफास्टच्या हार्प मेळाव्यात मोजून दहा आयरिश वादक जमले. त्यांतला डेनिस हेम्पसन नव्वदी ओलांडलेला, लांब नखांनी तारा छेडणारा शेवटचा. स्वरलेखनासाठी एडवर्ड बंटिंग नावाचा एकोणीस वर्षांचा ऑर्गनवादक बसवला होता. त्याने टिपलं म्हणून पुष्कळ वाचलं.

विसाव्या शतकात लोकसंगीताला धक्का बसला तो स्वतंत्र आयर्लंडातच, हे विशेष. १९३५ च्या कायद्याने सार्वजनिक नाचाला परवाना लागू लागला, आणि पोलीस नि पाद्री यांनी तो घराघरांतल्या नाचगाण्यांवरही चालवला. चुलीपुढच्या बैठका ओसरल्या. १९५१ मध्ये लोकसंगीत जपणारी कोल्तस ही संस्था निघाली, स्पर्धा-मेळावे सुरू झाले. साठीच्या दशकात शॉन ओ रिआदा या संगीतकाराने लोकवादकांना मैफलीच्या मंचावर बसवलं आणि ओ'कॅरोलनच्या धुना पुन्हा कानांवर आणल्या. दुसरीकडे क्लॅन्सी बंधू आणि डब्लिनर्स या गाणाऱ्या चमूंनी गिटार-बँजोवर गाणी गाजवली. पण गाणारे एकीकडे नि वाजवणारे दुसरीकडे, असंच बहुतेक चाललं होतं. ओ रिआदा ऑक्टोबर १९७१ मध्ये वारला.

त्याच वर्षी किल्डेअर परगण्यातल्या प्रॉस्परस गावी एका जुन्या घरात मूर आपल्या एकल तबकडीचं ध्वनिमुद्रण करत होता. (गावाचं नाव 'भरभराट' सुचवणारं. बंगालमध्ये ईस्ट इंडिया कंपनीच्या फौजेत पैसा केलेल्या रॉबर्ट ब्रूकने १७८० च्या सुमारास सूतगिरणीसाठी ते वसवलं आणि थोड्याच वर्षांत त्याचं दिवाळं निघालं.) मूर मूळचा बँकेतला कारकून, १९६६ च्या बँक संपात इंग्लंडला गेला तो गायकच झाला. त्याने जमवलेल्या मंडळींत आणखी तिघे होते. डोनल लनी त्याचा शाळासोबती. अँडी अर्वाइन लंडनमध्ये वाढलेला आणि बाल्कन देश हिंडून आलेला. लिअम ओ'फ्लिन नामांकित पाइपर लिओ राउसमचा शिष्य. 'प्रॉस्परस' १९७२ मध्ये निघाली, तोवर हे चौघे 'प्लँक्स्टी' झाले होते.

ओ'फ्लिनच्या वाद्याबद्दल थोडं थांबायला हवं. इलन पाइप्समध्ये तोंडाने फुंकत नाहीत. काखेजवळचा भाता कोपराने दाबून पिशवीत हवा भरतात. 'इलन' म्हणजे कोपराचेच. तीन नळ्या एकच सूर अखंड धरतात, तंबोऱ्यासारखा. आणखी तीन मनगटाने दाबून साथीचे स्वर काढतात. बोटं धून वाजवतात. पाइपर व्हायला एकवीस वर्षं लागतात अशी म्हण आहे: सात शिकण्याची, सात रियाजाची, सात वाजवण्याची. हे वाद्य तोवर जाणत्यांपुरतं उरलं होतं. पॉप ऐकणाऱ्या पोरांपुढे ते याच चमूने आणलं, १९७२ मध्ये पॉप गायक डोनोव्हनच्या आयर्लंड दौऱ्यात त्याच्याआधी वाजवताना.

दुसरं वाद्य तर परकंच, लांब दांडीची ग्रीक बुझुकी. ती आयरिश संगीतात जॉनी मॉयनिहन या वादकाने आणली. डावखुऱ्या लनीने तारा उलट्या लावल्या आणि अर्वाइनच्या मँडोलिनशी तिची वीण घातली. नुसते स्वर झोडायचे सोडून धुनेला प्रतिधून द्यायची, ही या दोघांची खरी करामत. त्या विणीमुळेच रायलीचं गाणं आणि पाइप्सची धून एका चौकटीत बसली.

ध्वनिमुद्रण लंडनमध्ये, सप्टेंबर १९७२ मध्ये झालं. निर्माता फिल कोल्टर. त्याच साली ३० जानेवारीला उत्तर आयर्लंडातल्या डेरीत ब्रिटिश सैनिकांनी मोर्चावर गोळीबार केला होता. तबकडीत 'मुक्त वाहतात त्या फक्त आपल्या नद्या' असं म्हणणारं मिकी मॅकॉनेलचं 'ओन्ली अवर रिव्हर्स' आहे, सैन्यभरतीची टर उडवणारं 'आर्थर मॅकब्राइड' आहे आणि १५८० च्या ग्लेनमलूरच्या लढाईत इंग्रजांना हरवणाऱ्या फिआख मॅकह्यूचं कवनही. ती ऐकताना हे साल विसरता येत नाही.

चमू टिकला नाही. १९७३ मध्येच लनी बाहेर पडला, १९७४ मध्ये मूर, १९७५ मध्ये सगळंच थांबलं. पण काळ्या तबकडीचं शेवटचं गाणं, 'द ब्लॅकस्मिथ', नीट ऐका. संपता संपता अर्वाइन ते बाल्कन वळणावर नेतो. पुढे चमू पुन्हा जमला, त्यात संगीतकार बिल व्हेलन आला आणि १९८१ मध्ये डब्लिनला भरलेल्या युरोव्हिजन या गायनस्पर्धेत मध्यंतरासाठी त्यांनी 'टाइमडान्स' सादर केलं. १९९४ च्या युरोव्हिजनमधल्या मध्यंतराचं संगीत पुन्हा व्हेलनचंच होतं. त्या पुढे जगभर गाजलेल्या नृत्याचं नाव 'रिव्हरडान्स'.