चर्चची नोंदवही: नाव लागते कसे, निघते कसे

अमेरिकेतल्या एका पाहणीने १९३७ साली लोकांना चर्चच्या सभासदत्वाबद्दल विचारले, तेव्हा ७३ टक्क्यांनी 'आहोत' म्हटले. पुढची साठेक वर्षे आकडा सत्तरच्या आसपास रेंगाळला. घसरण २००० नंतरची. २०२० मध्ये ४७. १९४६ पूर्वी जन्मलेल्यांत ६६ टक्के, तर १९८१ ते १९९६ दरम्यान जन्मलेल्यांत ३६. (प्रश्नात ज्यूंचे सिनेगॉग आणि मशीदही असते, हे बातम्यांतून सहसा गळते.)

पण सभासद म्हणायचे कोणाला? बाप्तिस्मा झालेल्याला, दृढीकरण (बाप्तिस्म्यानंतरचा श्रद्धा पक्की करण्याचा विधी) झालेल्याला, की वहीत नाव आहे म्हणून? स्वीडनमध्ये १९९५ अखेरपर्यंत आईवडिलांपैकी एकजण सभासद असला तरी मूल आपोआप सभासद व्हायचे. १९९६ पासून बाप्तिस्मा लागतो. आजन्म सभासदांची जुनी पिढी अशी बसल्याजागी तयार झाली होती. तिच्याशी आजच्यांची तुलना करताना जपून.

सगळ्यात मोठा गुंता जर्मनीत. तिथे वहीतल्या सभासदांना चर्चसाठी चर्च-कर द्यावा लागतो, नाव काढले की तो थांबतो. हा कर उत्पन्नावर नव्हे, आयकरावर लागतो: बव्हेरिया आणि बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये ८ टक्के, इतरत्र ९. वर्षाला ६,००० युरो आयकर असेल तर ९ टक्क्यांनी आणखी ५४० युरो. पहिल्या पूर्ण पगाराच्या पावतीवर ही कपात डोळ्यांत खुपते, आणि नाव काढणाऱ्यांत विशी-तिशीतले जास्त असतात. त्यासाठी पाळकाला भेटावे लागत नाही. राज्यानुसार नोंदणी कार्यालयात किंवा स्थानिक न्यायालयात ओळखपत्र घेऊन जायचे, सही करायची, बहुतेक ठिकाणी शुल्क भरायचे. दाखला मात्र जन्मभर जपायचा. गाव बदलल्यावर पुरावा मागितला गेला आणि तो नसला, तर कर पुन्हा मागे लागू शकतो.

'करापुरते बाहेर, श्रद्धेने आत' असे चालेल का, हा वाद २०१२ मध्ये निकाली निघाला, निदान कागदावर. न्यायालयाने असे अर्धे बाहेर पडणे अमान्य केले. त्याच सुमारास कॅथलिक धर्माध्यक्षांनी आदेश काढला: नाव काढणाऱ्याला पापनिवेदन नाही, ख्रिस्तप्रसाद (मिस्सेतली पवित्र भाकर) नाही, बाप्तिस्म्याच्या वेळी मुलाचा धर्मपालक होता येणार नाही. बाप्तिस्मा पुसला जात नाही असे शिकवणाऱ्या संस्थेने कराच्या नोंदीला एवढे वजन द्यावे, हे अनेक धर्मपंडितांनाही पटले नाही. २०१४ मध्ये व्याजावरचा चर्च-कर पुढच्या वर्षापासून बँकाच कापणार असल्याची पत्रे गेली. कर जुनाच, फक्त वसुलीची रीत नवी. तरी नावे काढायला रांगा लागल्या. २०२२ मध्ये एकट्या कॅथलिकांतून ५ लाख २२ हजारांहून अधिक लोक गेले. त्यामागे चर्चमधल्या लैंगिक अत्याचार प्रकरणांचे अहवालही होते.

नाव काढलेल्यांच्या मुलांचा बाप्तिस्मा बहुधा होतच नाही. ती कधी वहीत येत नाहीत, त्यामुळे 'गेलेल्यां'च्या आकड्यातही दिसत नाहीत.